मुराळी रस्त्यावर होता

नत्थुजी माळी हट्टी होता, हे आधीच सांगून टाकतो. मागून कोणी म्हणायला नको की सांगणाऱ्यानं लपवलं. बाजू मी त्याचीच घेणार आहे, पण हट्टी तो होताच.

उमरावतीहून अकोला-बाळापूरकडे जाणारा जुना गाडीरस्ता मूर्तिजापूरच्या वरच्या अंगानं, तीन कोस लांबून जायचा. त्या रस्त्याच्या कडेला नत्थुजीचा मळा. वांगी, मेथी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि कडेनं झेंडूची एक रांग. विहीर त्याच्या बापानं खणलेली, भर वैशाखातही न आटणारी. विहिरीपुढं पाच जुने कडुनिंब आणि मोकळं मैदान. पाणी, सावली आणि गाड्या सोडायला जागा, पडावाला आणखी काय लागतं? गाडीवान त्याला नत्थुजीचा पडावच म्हणत.

साता समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई जुंपली होती म्हणे. तिथला कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसावर तुटून पडल्या. ती चार-पाच वर्षं नत्थुजीनं जे पाहिलं ते पुन्हा कोणी पाहिलं नाही. दिवाळी झाली की रस्ता म्हणून मोकळा दिसायचा नाही. ऐंशी-ऐंशी, शंभर-शंभर गाड्या एकदम उतरायच्या. बैलांच्या गळ्यात नवी घुंगरं, गाडीवानांच्या डोक्याला नवे पटके. लोहार आला, त्यानं चाकांना लोखंडी धावा चढवायला भट्टी मांडली. एक फुटाणेवाला आला, एक भाकरी थापून देणारी बाई आली, मोटेला ठिगळ लावणारा चांभार आला. नत्थुजी सकाळपासून मोट हाकायचा आणि टाक्यात पाणी पडायच्या आधी बैलांच्या माना आत असायच्या. ओरडायचा, खेकसायचा, "आरे, हळू, पाणी कोठी पळून नाही चाललं," म्हणायचा, आणि मनातून असा खूश असायचा की विचारू नका.

त्या रस्त्यावर एक रीत होती. गाडीवानाकडं कोणाचा निरोप असला तर तो निरोप सांगितल्याशिवाय त्यानं त्या घरचं पाणी प्यायचं नाही. उन्हानं जीभ टाळूला चिकटलेली असो, आधी उभ्यानं निरोप, मग तांब्या. निरोप पोटात ठेवून पाणी प्यायलं तर तो बुडतो, असं ते म्हणत. कोणाला लिहिता येत नव्हतं आणि कोणाचं काही अडतही नव्हतं.

नत्थुजीचं तर सगळं त्या रीतीवरच चाललं होतं. त्याची एकुलती एक लेक जमुना मलकापूरच्या अलीकडं, कोसभरावरच्या एका खेड्यात दिली होती. भरलेल्या गाडीला सात दिवसांची वाट. बायको, सुभद्रा, जमुनाच्या लग्नाआधीच गेली. तेव्हा नत्थुजीनं विहिरीवरची मोट उतरवून ठेवली होती. त्या भागातल्या माळ्यांत तसंच करतात. घरातलं माणूस गेलं की मोट उतरवायची, नाडा म्हणजे तिचा दोर काढायचा, आणि तेरवी झाल्याशिवाय विहिरीवर चढवायची नाही. ते तेरा दिवस सोडले तर नत्थुजीची मोट कधी थांबली नव्हती. जमुना त्या मोटेच्या कुरकुरीवरच वाढली.

सासरी गेल्यावर तिचे निरोप गाड्यांवर यायचे. भगवंत नावाचा एक गाडीवान तिच्याच गावचा, तो तर हटकून आणायचा. "जमुनाबाई म्हणे, बाबाले सांगा, म्या वांग्याचं रोप लावलं, पण तुमच्यावानी नाही आलं." नत्थुजी म्हणायचा, "तिले सांग, शेण कमी पडलं." हा निरोप सात दिवसांनी तिकडं पोचायचा. बापलेकींचं असं बोलणं वर्षानुवर्षं चालू होतं, फक्त प्रत्येक वाक्याला पंधरा दिवस लागायचे.

मग रूळ आले.

रूळ मूर्तिजापूरवरून गेले, तिथून बडनेऱ्याला, आणि पुढं नागपूरच्या बाजूला. पहिल्या वर्षी पडावावर सगळे हसले. दुसऱ्या वर्षी गाड्या निम्म्या झाल्या. तिकडची लढाईही मिटली होती, कापसाचा भाव कोसळला, आणि जो कापूस निघत होता तो शेतातून थेट जवळच्या ठेसनावर जात होता. लांबचा रस्ता धरायचं कोणाला कारणच उरलं नाही. आधी लोहार उठला. मग फुटाणेवाला. मग भाकरीवाली. सगळे बडनेऱ्याला गेले, कारण उमरावतीचा कापूस तिथं आगगाडीत चढत होता. शेवटी चांभारानं आपली रापी गुंडाळली आणि म्हणाला, "नत्थुजी, चला आता. अठी काय रायलं?"

"माही विहीर काय खांद्यावर घेऊन येऊ?" नत्थुजी म्हणाला.

"बडनेऱ्याले बी विहिरी हायेत जी."

"तिथल्या विहिरीवर माह्या जमुनेचा निरोप येईन का?"

चांभार निघून गेला. नत्थुजीनं त्याच दिवशी शपथ घेतली की आपण कुठल्याही ठेसनावर पाऊल ठेवणार नाही. भाजी न्यायला लागला तो उलट्या दिशेच्या एका लहानशा बाजाराला. मूर्तिजापूर तीन कोसांवर होतं, ते त्यानं मनातून पार पुसून टाकलं. बोललो ना, हट्टी.

पण माणूस एकटा पडला की हट्टालाही ऐकणारं कोणी उरत नाही. संध्याकाळी नत्थुजी सवयीनं टाकं काठोकाठ भरायचा. कोणी यायचं नाही. सकाळी तेच पाणी मेथीला सोडायचा. बैलांशी बोलायचा, तेही ठरलेलं तेच. पाचही निंबांखालचं शेण वाळून उडून गेलं आणि चुलींच्या दगडांतून गवत आलं. दक्षिणेकडून दिवसातून कधी तरी शिटी ऐकू यायची. तो तिकडं पाठ करायचा.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला दोन चुकार गाड्या आल्या. त्यातला एक जण उभ्यानं म्हणाला, "तुमच्या लेकीले दिवस गेले हायेत. माघात बाळंतपणाले पाठवतो म्हणते. कधी ते मागून कळवतीन, मुराळी तयार ठेवा." मग तो पाणी प्यायला.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय सांगायला पाहिजे? आणि गरवार लेक माहेरी यायची तर मुराळ्याशिवाय येत नाही. माहेरच्या माणसानं जाऊन तिला हातानं आणायचं. भाऊ नसेल तर बाप. नत्थुजीला तर दुसरं कोणी नव्हतंच. त्यानं घर सारवलं. रेंगीला, म्हणजे त्याच्या हलक्या बैलगाडीला, नवं तट्ट्याचं छत बांधलं, आत गवत आणि त्यावर गोधडी. शेजारच्या खेड्यातली सुईण सांगून ठेवली. बाळाला टांगायला झोळीची दोरी स्वतः वळली, आणि ती इतकी जाड झाली की त्या दोरीनं बैल बांधता आला असता. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याला संध्याकाळ लांब वाटेनाशी झाली.

पौष सरला. माघ लागला. निरोप नाही.

निरोप आणणार कोण? रस्त्यावर गाडीच नव्हती. नत्थुजी रोज सकाळी निंबाखाली उभा राहून मावळतीकडं पाहायचा. त्याला एकच धास्ती लागली. जावयानं वाट पाहून पाहून जमुनेला कुठल्या तरी गाडीत घालून पाठवलं असेल, आणि ती अवघडलेली पोरगी ह्या ओसाड रस्त्यानं येत असेल. पडावावर पाणी नाही, चूल नाही, विचारणारं माणूस नाही. ह्या विचारानं त्याला घास जाईना.

माघातल्या एका मंगळवारी त्यानं रेंगी जुंपली. आपणच पुढं जाऊन रस्त्यात गाठू, मुराळी घरी बसून काय कामाचा? निघताना विहिरीकडं पाहिलं. एवढी नवी चामड्याची मोट उघड्यावर सोडून जायची म्हणजे चोराला आमंत्रण. आसपास माणूस असता तर म्हणाला असता, जरा लक्ष ठेव. माणूस नव्हतं. त्यानं मोट उतरवली, नाडा काढला, दोन्ही घरात टाकून दाराला कडी घातली. हात लावताना सुभद्राचे ते तेरा दिवस आठवले आणि जीव चरकला. "लेकीले आणायले चाललो, अवलक्षणी काय बोलतं मन," असं स्वतःलाच दटावून तो निघाला.

तीन दिवस तो मावळतीला गेला. जिथं पूर्वी जागेसाठी भांडणं व्हायची ते पडाव असे ओस पडले होते की त्याला स्वतःची वाटणारी कीव कमी झाली. एका ठिकाणी विहिरीत बाभळीचा फाटा पडलेला. एका ठिकाणी एक म्हातारी बसलेली, तिनं विचारलं, "गाड्या येऊन रायल्या का मांगून?" नत्थुजी म्हणाला, "एकच हाय, ही." ती म्हणाली, "बरं." एवढंच. वाटेत दोनदा आगगाडी लांबून गेली, काळ्या मातीवरून धुराची रेघ ओढत. त्यानं बैलांना दामटलं.

गुरुवारी बाळापूर आलं. सराईतल्या माणसानं सांगितलं की महिन्याभरात बाई बसलेली गाडी ह्या रस्त्यानं गेली नाही. नत्थुजी पुढंही गेला असता, पण डाव्या बैलाचा खूर फाटला. शिवाय नवी धास्ती, की आपण इकडं आणि पोरगी दुसऱ्या एखाद्या आडवाटेनं घरी पोचली तर? कडी लागलेलं दार पाहून काय म्हणेल? तो परत फिरला. रविवारी दिवस मावळायला घरी आला. दार होतं तसंच. अंगणात एका गाडीच्या चाकांची ताजी खूण मात्र होती, आली आणि वळून गेली अशी. कोणी वाटसरू पाणी नाही पाहून गेला असेल, असं तो समजला. त्यानं मोट पुन्हा चढवली.

आणखी एक आठवडा गेला. पुढच्या रविवारी, सकाळच्या पहिल्या मोटेला, घुंगरांचा आवाज आला. भगवंत. एकच गाडी, निम्मी रिकामी. नत्थुजीचा चेहरा उजळला आणि तो धावतच तांब्या घेऊन गेला.

भगवंतानं तांब्याला हात लावला नाही. "पाणी मांगून देजा, नत्थुजी. आधी निरोप घ्या."

"सांग न बापा."

भगवंत ताठ उभा राहिला आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "तुमच्या जावयानं, चंद्रभाननं सांगतलं. माघातल्या दुसऱ्या गुरुवारी जमुनाले आगगाडीत बसवून देतो. अर्ध्या दिवसात पोचते. सोबतीले बडनेऱ्याले जाणारी एक बाई हाय. मामाजी मुराळी म्हून मूर्तिजापूरच्या ठेसनावर उभे राहा. रेंगी आणा. तिचे पाय सुजतात, चालवू नोका."

नत्थुजी ऐकत होता. ऐकून झालं तरी ऐकतच राहिला.

"दुसरा गुरुवार," तो म्हणाला. "थो कधी?"

"गेला जी."

"गेला म्हणजे?"

"दहा दिवस झाले." भगवंत खाली पाहायला लागला. "मी गुरुवाराच्या पंधरा दिवस आधी निघालतो. पयले सात दिवसांत तुमच्या विहिरीवर राहत होतो, तुमाले मालूम हाय. आता सरळ जायची गाडीच रायली नाही. शेगावले बोजे उतरवले, अकोल्याले ठेसनावर भाड्याचा वायदा भेटला, तिथं अडकलो. मले वाटे, उद्या निघू, उद्या निघू." त्यानं पटका काढून हातात धरला. "माह्या हातून निरोप कधी नाही बुडाला, नत्थुजी."

आता ह्यात भगवंताला काय बोलायचं? आणि चंद्रभानला तरी काय? आजवर निरोप माणसाच्या आधीच पोचत आलेला, दोघांची चाल एकच होती. माणूस आगगाडीनं गेलं आणि निरोप बैलगाडीनं, तर वाटेत काय होईल हे त्या घरात कोणाच्या ध्यानीमनी आलं नाही. आलं असतं तरच नवल. नत्थुजीनं तांब्या त्याच्या हातात दिला आणि गोठ्याकडं गेला. बैल अजून लंगडत होता. तो तीन कोस पायीच निघाला. जन्मात पहिल्यांदा मोट विहिरीत तशीच लटकत सोडून.

मूर्तिजापूरचं ठेसन म्हणजे तेव्हा एक कौलारू खोली, कापसाच्या गंज्या आणि चारी बाजूंनी आलेली माणसं. एकाला दुसरा ओळखत नव्हता. पाणी पाजणारी एक बाई होती, गंगूबाई नावाची, तीही खाली पैनगंगेकडून आलेली. नत्थुजीनं तिला विचारलं, गुरुवारी उतरलेली एक गरवार बाई कोणी पाहिली का.

गंगूबाईनं घागर खाली ठेवली. "तुमी तिचे कोण?"

"बाप."

तिनं त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. "तिचा बाप तं मेला," ती म्हणाली.

मग तिनं त्याला बसवलं आणि सांगितलं. पोरगी गुरुवारी दुपारी उतरली. सोबतची बाई तिला म्हणाली, चल बडनेऱ्याला, तिथून कोणी पोचवेल. ती म्हणाली, नाही, माझा बाप येतोच आहे. त्या भिंतीपाशी गाठोडं घेऊन बसली. गुरुवार गेला. रात्री गंगूबाईनं तिला आपल्या खोपटात नेलं. शुक्रवार गेला. लोकांनी सांगितलं, तीन कोस तर आहे, गाडी करून देतो, जा. ती हलेना. मुराळ्याशिवाय दारात गेली तर बाबाला खाली पाहायला लागेल, म्हणाली. जो येईल त्याला विचारायची, नत्थुजीचा पडाव माहीत आहे का? एक जण म्हणाला, तो पडाव उठला, तिथं कोणी नाही राहत. तेव्हा पहिल्यांदा ती घाबरली.

"शनिवारी मी किसन गाडीवानाले पाठवलं," गंगूबाई म्हणाली. "म्हटलं, पाहून तं ये. थो आला न म्हणे, घराले कडी हाय, गोठा खाली हाय, हाका मारल्या तं ओ नाही, शेजारीपाजारी विचाराले माणूस नाही. पोरीनं एकच विचारलं. म्हणे, दादा, विहिरीवर मोट होती का? थो म्हणे, नाही. नाडा बी नाही. नुसती विहीर."

नत्थुजीनं डोळे मिटले.

"मंग ती रडली नाही, काही नाही. उठली, त्या विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. नेसत्या लुगड्यानं. मी म्हटलं, काय करतं वं माय, असं अवघडलेलं. म्हणे, बाप गेला माहा, आंघोळ करून रायली. रविवारी सकाळच्या गाडीनं गेली परत. बंद घरात बाळंतपण कोण करन?"

ती कुठं बसली होती ते विचारून नत्थुजी त्या भिंतीपाशी गेला. चुन्याच्या भिंतीला तेलाचा एक डाग होता, डोकं टेकून टेकून पडलेला. तो तिथंच बसला. रविवारी सकाळी त्याची रेंगी बाळापूरकडून परत येत होती तेव्हा एक गाडी शिटी देऊन मावळतीला गेली होती. त्यानं पाहिलंही नव्हतं, बैलांना दामटलं होतं. पोरगी त्यात होती. शेपन्नास हात लांबून गेली असेल.

गंगूबाई म्हणाली, माझ्या खोपटात चला, थंडी आहे. तो म्हणाला, "ती तीन दिवस बसली, मी एक रात तं बसतो." भूक नव्हती आणि असती तरी तो खाणार नव्हता. आपल्या हट्टाला त्यानं मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की तेवढ्या आयुष्यात दुसऱ्या कोणाला दिल्या नव्हत्या. महिन्यातून एकदा जरी ह्या ठेसनावर वांगी घेऊन आला असता, तर इथल्या एका तरी माणसानं म्हटलं असतं, नत्थुजी? काल तर जिवंत होता.

सोमवारी सकाळी तो तिकिटाच्या खिडकीशी गेला. बाबूनं विचारलं, परतीचं पण पाहिजे का? नत्थुजीला कळेना, परत येण्याचं आजच कसं सांगायचं. "जायचं द्या," तो म्हणाला.

गाडीत लोक बोलत होते, पान खात होते, एक मारवाडी झोपला होता. नत्थुजी दाराशी उकिडवा बसला. बाहेर कधी जवळ, कधी लांब, त्याचा जुना रस्ता दिसत होता. त्यावर कोणी नव्हतं. सात दिवसांची वाट दुपारच्या आत संपली. चूक दुरुस्त करायला एवढाच वेळ लागत होता, आणि त्यानं दहा दिवस घालवले होते.

कोसभर चालून तो जमुनेच्या गावात शिरला. समोरच्या दारानं जायचं त्याच्यानं झालं नाही. मुराळी म्हणून न आलेला बाप कोणत्या तोंडानं पुढच्या दारात उभा राहणार? तो परसाच्या बाजूनं गेला आणि कुडापाशी थांबला.

परसातल्या भिंतीवर पळसाचं पान वाढलेलं होतं. ज्वारीची भाकर, मेथी, आणि वांग्याची भाजी. जमुना खाली उभी होती, एक हात कमरेवर. पोट पुढं आलेलं, चेहरा उतरलेला. तिची सासू, मैनाबाई, ओसरीच्या दारात बसली होती. लेकीनं बापाचं पान वाढावं अशी काही रीत नाही, पण माहेरी करणारं कोणी उरलं नाही म्हणून मैनाबाईनंच परवानगी दिली होती. भली बाई होती. दहावा दिवस होता आणि कावळा शिवत नव्हता. शेवग्यावर चार बसले होते, पण एकही खाली येईना.

"काही तरी राहून गेलं बुढ्याचं," मैनाबाई म्हणाली. "बोल त्याच्याशी."

जमुना कावळ्यांकडं पाहून बोलायला लागली. आवाज अगदी साधा, निरोप सांगतात तसा. "बाबा, म्या तीन दिवस वाट पायली, ते मनात नोको ठेवू. मले राग नाही आला. तुह्यानं येणं झालं नाही, ते मले समजलं. पोरगी झाली तं मायचं नाव ठेवीन, पोरगा झाला तं तुहं. खाऊन घे आता. वांगं तुह्यावानी नाही झालं, पण खाऊन घे."

कावळे हलले नाहीत.

शेवटी नत्थुजी कुड सरकवून आत आला. मैनाबाईनं तोंडावर पदर घेतला. जमुना ओरडली नाही. तिनं आधी त्याच्या पायांकडं पाहिलं. भुताचे पाय उलटे असतात, हे तिला त्यानंच लहानपणी निंबाखाली सांगितलं होतं. ती बराच वेळ पाहत राहिली. पाय सरळ होते, भेगाळलेले, काळ्या मातीनं भरलेले.

आतून चंद्रभान आला, थबकला, आणि काय करावं हे न सुचून पाण्याचा तांब्या घेऊन आला. नत्थुजीनं हात वर करून त्याला थांबवलं.

"पाणी मांगून," तो म्हणाला. "आधी निरोप." आणि भगवंतासारखाच ताठ उभा राहिला. "जमुने, तू ठेसनावर बसली होती तवा मी बाळापूरच्या रस्त्यावर होतो. तुलेच पायत होतो. मोट म्या चोराच्या भ्यानं उतरवली. मेलो नव्हतो."

जमुनेनं विचारलं, "ठेसनावर काहून नाही पायलं, बाबा?"

जे खरं होतं तेच तो बोलला. "हट्ट केला वं माय."

मग ती रडली, दहा दिवसांचं सगळं. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला, आणि त्याला स्वतःला कळलं की कालपासून पोटात अन्न नाही. तो भिंतीपाशी गेला आणि पान खाली घेतलं.

"अहो, नोका," मैनाबाई उठली. "थे मेल्या माणसाचं पान हाय."

"माह्याच नावाचं हाय न, इहीणबाई?" नत्थुजी मांडी घालून बसला आणि भाकरीचा तुकडा मोडला. त्याला कोणी अडवलं नाही. वांग्याला मीठ कमी होतं. तो खात राहिला.

जमुना भिंतीला धरून हळूहळू त्याच्यापाशी बसली. आता नववा लागला होता, मैनाबाई तिला पाठवणार नव्हती, आणि ते बरोबरच होतं. बाळंतपण इथंच होणार. नत्थुजी उद्याच्या गाडीनं एकटा परत जाणार, भिजलेली मोट वर काढणार, संध्याकाळी टाकं भरणार, आणि ती झोळीची दोरी खुंटीलाच राहणार. हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही.

"शेण कमी पडलं का वांग्याले?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"नाही," नत्थुजी म्हणाला. "चांगलं झालं." ह्या वेळी उत्तराला पंधरा दिवस लागले नाहीत. तिनं उठून आणखी एक भाकर आणली.